वाडी दोघांची, सही एकाची

शेतकीच्या मासिकांत विवाहाच्या कायद्याची चर्चा कशास हवी, असा प्रश्न कांहीं वाचक करतील. खत, बियाणें, पाणी आणि बाजारभाव हे आपले नित्याचे विषय. लग्न ही घरची व धर्माची बाब. परंतु ज्या जमिनींत आपण तें खत घालतों ती उद्यां कोणाच्या नांवें राहील, ती विकण्याचा अधिकार कोणाचा, आणि विकली गेल्यास पैसा कोणाच्या हातीं पडेल, हा प्रश्न शेतकीचा नव्हे असें कोण म्हणेल? या प्रश्नाचें उत्तर पुष्कळ वेळां त्या घरांतलें लग्न कोणत्या रीतीनें व कोणत्या कायद्याखालीं लागलें यावरच येऊन ठेपतें. वसई-विरारच्या पट्ट्यांत जमिनीचा भाव असा चढला आहे, कीं पूर्वीं बांधावरच्या एखाद्या झाडावरून जो तंटा होऊन मिटत असे तो आतां गुंठ्या-गुंठ्यावरून दिवाणी कोर्टांत वर्षानुवर्षें चालतो. सबब या विषयाकडे शेतकऱ्यानें पाठ फिरविणें परवडणारें नाहीं.

आपल्या तालुक्याची स्थिति जरा विशेष आहे. आगाशी, नंदाखाल, निर्मळ, गास, भुईगांव या बाजूस गेलें तर ख्रिस्ती कुटुंबाची वाडी आणि हिंदु कुटुंबाची वाडी एकमेकींस लागून असलेल्या दिसतात. माती एक, विहिरीच्या पाण्याची पातळी एक. केळी, पानवेल, मोगरा व भाजीपाला हीं पिकेंही तींच. दोन्हीं घरांत पहांटे उठून कळ्या खुडणारी, भाजीच्या जुड्या बांधणारी आणि टोपली घेऊन आगगाडीनें मुंबईच्या बाजारास जाणारी बहुधा घरची गृहिणीच. ज्या सुकेळीसाठीं वसईचें नांव आहे ती सोलण्याचें व वाळविण्याचें किचकट कामही बायकांचा हात लागल्यावांचून होत नाहीं. म्हणजे कष्टाच्या बाबतींत कुंपणाच्या दोहों बाजूंस कांहीं अंतर नाहीं. पण कुंपणाच्या अलीकडे एक कायदा आणि पलीकडे दुसरा.

प्रथम मृत्यूनंतर काय होतें तें पाहूं, कारण लोकांस तेवढेंच ठाऊक असतें, आणि तेंही अर्धवट. समजा, कुंपणाच्या दोहों बाजूंस ४८-४८ गुंठ्यांची वडिलोपार्जित वाडी आहे. दोन्हीं घरांत पति, पत्नी, एक मुलगा व दोन मुली आहेत. पतीचे आईबाप हयात नाहींत. आणि दोघेही कर्ते पुरुष मृत्युपत्र न करितां वारले. ख्रिस्ती घरास १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. त्याप्रमाणें विधवेस एक तृतीयांश, म्हणजे १६ गुंठे मिळतात व उरलेले ३२ गुंठे तिघां मुलांत सारखे वांटले जातात. मुलगा आणि मुलगी असा भेद त्या कायद्यांत नाहीं. हिंदु घरास १९५६ चा हिंदु उत्तराधिकार कायदा व त्याची २००५ ची दुरुस्ती लागते. तेथें पतीच्या मृत्यूपूर्वीं क्षणभर वाटणी झाली असें मानून पति, पत्नी व तीन मुलें असे पांच भाग पाडतात. मग पतीचा पांचवा भाग पत्नी व मुलें या चौघांत पुनः सारखा वांटतात. हिशेब केला म्हणजे चौघांसही प्रत्येकीं १२ गुंठे येतात. पत्नीस वाटणीचा भाग आणि वारसाचा भाग असे दोन्हीं मिळावयाचे, हें सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम या खटल्यांत ठरविलें. त्या खटल्यांतील विधवेस दोन मुलगे व तीन मुली होत्या, आणि तिच्या वांट्यास वडिलोपार्जित मालमत्तेचे २४ पैकीं ७ भाग आले.

एकाच मातीच्या दोन वाड्या, दोन्हीं विधवा सारख्याच कष्टाळू. एकीस १६ गुंठे, दुसरीस १२. पतीची आई हयात असली तर हिशेब आणखी पालटतो. हिंदु कायद्यांत आई ही पहिल्या वर्गाची वारस असल्यामुळें तिलाही मुलाच्या भागांतून हिस्सा मिळतो; ख्रिस्ती कायद्यांत मुलेंबाळें असतां आईस कांहींच मिळत नाहीं. ख्रिस्ती जोडप्यास मूल नसेल तर विधवेस अर्धा भाग मिळतो, आणि सासरा हयात असल्यास उरलेला अर्धा त्याजकडे जातो. तो नसेल तर सासू, दीर व नणंदा यांच्यांत वांटला जातो. पत्नी आधीं वारली तर ख्रिस्ती पतीस तिच्या मालमत्तेंत तोच हक्क आहे जो विधवेस पतीच्या मालमत्तेंत. हिंदु स्त्रीची गोष्ट निराळी. ती निःसंतान वारली तर माहेरच्या वारसानें तिला आलेली जमीन तिच्या बापाच्या वारसांकडे परत जाते, आणि सासरकडून वारसानें आलेली जमीन पतीच्या वारसांकडे.

मुलींविषयीं दोन शब्द येथेंच सांगून टाकतों. हिंदु मुलीस वडिलोपार्जित मालमत्तेंत जन्मापासून हक्क देण्याचें काम महाराष्ट्रानें १९९४ सालीं केलें, परंतु त्यापूर्वीं लग्न झालेल्या मुलींस वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनें ती अट गेली, आणि २०२० सालीं विनीता शर्मा यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, त्या दिवशीं बाप जिवंत असलाच पाहिजे असें नाहीं. ख्रिस्ती मुलीस तर सारखा वांटा १८६५ च्या कायद्यापासूनच आहे. असें असून दोन्हीं समाजांत रूढि एकच: मुलीस दागिने द्यावे, लग्न थाटानें करावें आणि पुढें कधीं तरी तिजकडून हक्कसोडपत्र घ्यावें. कायद्यांत दोन धर्मांचें अंतर असेल. हक्कसोडपत्राच्या मजकुरांत तें मुळींच दिसत नाहीं.

आतां तिसऱ्या एका घराकडे वळूं. दोन्हीं समाज शेजारीं राहतात, मुलेंमुली एका शाळेंत शिकतात, सबब हिंदु मुलगा व ख्रिस्ती मुलगी यांचे विवाह आपल्याकडे होतात व पुढेंही होतील. त्यांच्या योग्यायोग्यतेची चर्चा येथें करावयाची नाहीं. वाडीचें काय होतें एवढेंच पाहावयाचें. अशा जोडप्यानें दोहोंपैकीं कोणीही धर्म न बदलतां केवळ हिंदु विधीनें सप्तपदी केली, तर हिंदु विवाह कायद्याखालीं तें लग्न मुळींच कायदेशीर होत नाहीं. हा कायदा दोन्हीं पक्ष हिंदु असतील तरच लागतो, असें सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं एका हिंदु-ख्रिस्ती विवाहाच्या प्रकरणांत स्पष्ट केलें. वीस वर्षें संसार करून पतीच्या मागें वारसाची नोंद करावयास गेलेल्या बाईस ही गोष्ट कचेरींत कळावी, याहून कठीण प्रसंग कोणता? तेंच लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखालीं निबंधकापुढें नोंदविलें तर पक्कें होतें. पण त्याचेही परिणाम आहेत, आणि ते घरच्या वडीलधाऱ्यांस बहुधा ठाऊक नसतात. हिंदु अविभक्त कुटुंबांतला मुलगा या कायद्याखालीं ख्रिस्ती मुलीशीं लग्न करतो त्या दिवसापासून तो कुटुंबांतून विभक्त झाला, असें कायदा मानतो. त्याचा तोंवरचा वांटा बुडत नाहीं, तो त्याचा स्वतंत्र होतो. पुढें तो वारला म्हणजे त्याच्या वारसास १९२५ चा कायदा लागतो: पत्नीस तृतीयांश, मुलांस दोन तृतीयांश, आणि त्याच्या हिंदु आईस, जिला एरव्हीं नातवंडांइतकाच वांटा मिळाला असता, तिला कांहींही नाहीं. १९७६ च्या दुरुस्तीनें वधूवर दोघेही हिंदु, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर हे परिणाम टाळले आहेत. हिंदु-ख्रिस्ती जोडप्यास मात्र ते आजही लागू आहेत. आई म्हातारी असेल व मुलाच्या आधारावर असेल, तर मुलानें लग्नाबरोबरच मृत्युपत्राचाही विचार करावा, हें सांगणें अशुभ वाटेल; पण सांगणें भाग आहे.

चौथी गोष्ट रूढीच्या लग्नांची. आगरी व कोळी समाजांत धवलारीण बसवून लग्नें लागत आलीं, वारल्यांत धवलेरी हीच लग्न लावते. यांत कायद्यास आक्षेप नाहीं. हिंदु विवाह कायद्यानें दोहोंपैकीं एका पक्षाच्या रूढीप्रमाणें झालेला विधि पुरेसा मानला आहे. अडचण पुराव्याची. ख्रिस्ती जोडप्याचें नांव चर्चच्या पुस्तकांत असतें, तेथून दाखला निघतो. धवलारिणीच्या गाण्याचा दाखला कोठून काढावयाचा? महाराष्ट्रांत विवाहनोंदणीचा १९९८ चा कायदा आहे, परंतु जुन्या लग्नांची नोंद करून ठेवणारे थोडे. आणि नोंद नसेल तर विधवेस वारसाच्या फेरफाराच्या वेळीं साक्षीदार शोधीत फिरावें लागतें. तालुक्याच्या पूर्व भागांतील वारली, काथोडी, मल्हार कोळी इत्यादि आदिवासी बांधवांस तर १९५६ चा कायदाही लागू नाहीं. त्यांचा वारसा त्यांच्या रूढीनें चालतो. मात्र आदिवासी मुलीस वारसा नाकारणारी रूढि सिद्ध झाली नसेल तर तिला समान वांटा द्यावा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें जुलै २०२५ मध्यें छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणांत दिला आहे.

येथवर मृत्यूनंतरचा विचार झाला. परंतु आमचा मुख्य मुद्दा हयातींतला आहे, आणि तेथें चारही घरांची स्थिति एकच, म्हणजे सारखीच वाईट आहे. ख्रिस्ती पत्नीस विवाहामुळें पतीच्या मालमत्तेंत कोणताही हितसंबंध प्राप्त होत नाहीं, असें १९२५ च्या कायद्याचें विसावें कलम सांगतें. हें कलम मूळ १८६५ च्या कायद्यांत आलें तेव्हां तें स्त्रीच्या हिताचेंच होतें. कारण त्या वेळच्या इंग्लंडच्या कायद्याप्रमाणें लग्न होतांच स्त्रीची चीजवस्तु पतीची होत असे, आणि तो अन्याय येथें येऊं नये हा उद्देश होता. पण ज्या घरांत स्त्रीच्या स्वतःच्या नांवावर कांहींच नसतें, त्या घरांत तेंच कलम उलट बाजूनें लागतें. ख्रिस्ती कायद्यांत जन्मसिद्ध वडिलोपार्जित हक्क ही कल्पनाच नाहीं, सबब पति आजोबांच्या वेळची वाडी एका सहीनें विकूं शकतो. पत्नी अडवूं शकत नाहीं, आणि मुलेंही नाहींत. हिंदु घरांत वडिलोपार्जित वाडी कर्त्यानें कायदेशीर गरजेवांचून विकली तर मुलगा, व आतां मुलगीही, कोर्टांत दाद मागूं शकते. परंतु पत्नी ही सहदायाद नव्हे. पति व मुलें वाटणी करतील तर तिला आपल्याकडच्या परंपरेप्रमाणें मुलाइतका भाग मिळतो, पण वाटणी मागण्याचा अधिकार तिला नाहीं. काल जन्मलेल्या मुलास जो अधिकार आहे तो त्या मुलाच्या आईस नाहीं! आणि वाडी पतीची स्वकष्टार्जित असेल तर विकण्यास त्यास कोणालाच विचारावें लागत नाहीं. 'स्वकष्टार्जित' या शब्दांत कष्ट कोणाचे, हें मात्र कोणी विचारीत नाहीं.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यानें पत्नीस राहत्या घरांत राहण्याचा हक्क दिला आहे, वाडीचा नाहीं. घटस्फोट झाला तर पोटगी मिळेल, वाडीचा वांटा नाहीं. मद्रास उच्च न्यायालयानें जून २०२३ मध्यें एका प्रकरणांत असें मानलें कीं, गृहिणीनें घर सांभाळल्यामुळेंच पतीस कमावतां आलें, सबब त्या कमाईंतून घेतलेल्या मालमत्तेंत तिचा समान वांटा आहे. निकाल स्तुत्य आहे, परंतु तो मद्रासचा. आपल्या कोर्टांस तो बंधनकारक नाहीं, आणि प्रत्येक बाईनें उच्च न्यायालयापर्यंत जावें अशी अपेक्षा करणें म्हणजे न्याय नाकारणेंच होय.

याचा अनुभव वाडी विकतांना येतो. पैसे घेतल्यावर घरीं कळतें. कांहीं ठिकाणीं घरांतील बाईस ही बातमी मोजणीदार दारांत आल्यावर समजते. रस्ते व रेल्वे यांच्या भूसंपादनांतही तीच तऱ्हा: मोबदला प्रथम सात-बाऱ्यावरील नांवाकडे जातो, आणि ज्या हातांनीं ती वाडी शिंपली त्या हातांचें नांव उताऱ्यावर नसतें. सात-बारा हा मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे हें खरें; पण कर्ज, अनुदान, सोसायटीचें सभासदत्व व मोबदला हें सर्व त्याच कागदावरून ठरतें.

यास दुसरी वाट नाहीं काय? आहे, आणि ती फार दूर नाहीं. गोव्यांत १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेप्रमाणें, लग्नापूर्वीं वेगळा करार केला नसेल तर विवाहाबरोबर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होते. दोघांचा त्यांत अर्धा-अर्धा हक्क. व्यवस्था एकानें पाहिली तरी स्थावर मालमत्ता दुसऱ्याच्या संमतीवांचून विकतां येत नाहीं. खरेदीखतावर दोघांच्या सह्या असतात. एक वारला तर त्याच्या अर्ध्याचाच वारसा चालतो. उरलेला अर्धा हयात असणाऱ्याचा होताच व राहतो. आपल्या उदाहरणांतील ४८ गुंठे सामाईक असते तर विधवेचे २४ गुंठे वारसाचा प्रश्न येण्यापूर्वींच बाजूस पडले असते. हा नियम तेथें हिंदु, ख्रिस्ती व मुसलमान सर्वांस लागतो. १९६१ सालीं गोवा मुक्त झाल्यावरही तो चालू राहिला. २०१२ सालीं गोवा विधानसभेनें वारसा व मालमत्तेचा भाग नव्या कायद्यांत घेतला व तो २०१६ अखेर अमलांत आला. प्राप्तीवरील कराच्या कायद्यांतही अशा जोडप्याचें उत्पन्न दोघांत विभागून धरण्याची तरतूद भारत सरकारनें केली. २०१९ सालीं तर सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, गोव्याचा अधिवासी वारला तर त्याच्या मुंबईंतील घराचा वारसाही गोव्याच्याच कायद्यानें चालेल.

इतिहासाचा योग पहा. वसई १५३४ मध्यें पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं ती घेतली. पोर्तुगीजांची संहिता त्यानंतर १२८ वर्षांनीं झाली. सबब आडनांव पोर्तुगीज असणाऱ्या वसईकर ख्रिस्ती शेतकऱ्यास इंग्रजी वळणाचा वारसा कायदा लागतो. आणि पेडणें किंवा काणकोण येथील मराठी-कोंकणी बोलणाऱ्या हिंदु शेतकऱ्यास पोर्तुगीज वळणाचा. वसई त्या काळीं स्वतंत्र झाली याचा आम्हांस अभिमान आहे, आणि कायद्यासाठीं त्याविषयीं कोणी खंत करावी असें नाहीं. परंतु परक्यानें मागें ठेवलेली चांगली वस्तु गोमंतकानें टिकविली, तर ती आपण पाहूं तरी नये काय?

गोव्याचा सगळा कायदा उचलून आणावा असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांत अडचणी आहेत. लग्नापूर्वीं केलेला करार पुढें बदलतां येत नाहीं. मुलांचा राखीव वांटा असल्यामुळें बापास आपल्या मालमत्तेचें मृत्युपत्र अर्ध्यापुरतेंच करतां येतें. वारसांची संख्या वाढली म्हणजे एकेका घरास वीस-पंचवीस सह्या जमवाव्या लागतात, आणि तोंवर घरें पडकीं होतात. आम्हांस त्यांतील एकच गोष्ट हवी आहे: ज्या वाडीवर कुटुंबाचा चरितार्थ चालतो ती वाडी व राहतें घर, विवाह कोणत्याही धर्माच्या, रूढीच्या वा निबंधकापुढच्या रीतीनें झालेला असो, पतीनें पत्नीच्या किंवा पत्नीनें पतीच्या लेखी संमतीवांचून विकूं, बक्षीस देऊं किंवा गहाण ठेवूं नये.

यावर पहिला आक्षेप असा येईल कीं, अडीनडीच्या वेळीं पैसा उभा करतां येणार नाहीं. गोव्यांत जमिनी विकल्या जात नाहींत काय? तेथें कर्जें मिळत नाहींत काय? घेणारा व बँक दोघेही दुसरी सही मागतात, आणि व्यवहार होतो. उलट आपल्याकडे एका सहीनें झालेले व्यवहार पुढें वारसांच्या दाव्यांत अडकतात, तेंही घेणारास परवडत नाहीं. दुसरा आक्षेप, जमिनीचे तुकडे होतील. संमतीनें तुकडे होत नाहींत; सामाईक नांवानेंही होत नाहींत; तुकडे वाटणीनें होतात, आणि वाटण्या आपण एरव्हींही करीतच आहोंत.

तिसरा आक्षेप उघड बोलला जात नाहीं, पण मनांत असतो: बाई उद्यां दुसरें लग्न करून वाडी दुसऱ्या घरीं नेईल. ही भीति जुनी आहे, आणि कायद्यानेंही तिला बराच काळ आसरा दिला. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्यानें पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क जात असे. ज्या जातींत पाट लावण्याची चाल पूर्वींपासून होती, त्यांतही हा हक्क जातो असें मुंबई उच्च न्यायालयानें धरलें. अलाहाबादच्या न्यायालयानें मात्र, जेथें रूढीनेंच परवानगी होती तेथें हा कायदा हक्क हिरावूं शकत नाहीं, असें म्हटलें. म्हणजे आपल्या शेतकरी जातींतील बाईस पाटाची मोकळीक होती, पण त्याची किंमत ती शेत सोडून देत असे. १९५६ च्या कायद्यानें विधवेचा वारसा पूर्ण मालकीचा झाला आणि जुना कायदा १९८३ मध्यें रद्द झाला. पत्नी वारल्यावर पुनः लग्न करणाऱ्या पुरुषाची वाडी कधींच कोणी काढून घेतली नव्हती, हेंही या भीतीबरोबर आठवावें.

आणखी एक शंका सुज्ञ वाचक घेतील: बाईची सही काय, धाक दाखवूनही घेतां येईल. खरें आहे, गोव्यांतही अशा सह्या होत असतील. पण सही मागावी लागते म्हणजे आधीं सांगावें लागतें. आणि विकण्यापूर्वीं घरांत एकदां बोलणें होणें ही लहान गोष्ट नाहीं.

हा नियम करण्यास दिल्लीकडे पाहण्याचें कारण नाहीं. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टांत शेतजमिनीचें हस्तांतरण हा विषय राज्यांकडे दिलेला आहे. मुलींच्या हक्काच्या बाबतींत महाराष्ट्रानें केंद्राच्या अकरा वर्षें आधीं पाऊल टाकलेंच होतें. उत्तराखंडानें २०२१ सालीं आपल्या जमीनविषयक कायद्यांत दुरुस्ती करून पतीच्या वडिलोपार्जित शेतजमिनींत पत्नीस सहखातेदार होण्याची सोय केली. डोंगरांतील पुरुष नोकरीसाठीं बाहेर जातात व शेती बायका करतात, पण नांव नसल्यामुळें त्यांस कर्ज मिळत नाहीं, हें त्याचें कारण. आपल्याकडील पुरुष रोज सकाळीं लोकलनें मुंबईस जातो. वाडी त्याच्या मागें कोण पाहतें हें प्रत्येकानें आपल्याच घरीं पाहावें.

शिवाय महाराष्ट्राच्या शेतकऱ्यांनीं हें काम कायद्यावांचूनही एकदां हातीं घेतलें होतें. १९८६ सालीं चांदवडास शेतकरी संघटनेचें स्त्रियांचें मोठें अधिवेशन भरलें, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत शरद जोशी यांनीं 'लक्ष्मीमुक्ति'ची हांक देऊन पतींनीं आपण होऊन जमिनीचा वांटा पत्नीच्या नांवें करावा असें सांगितलें. गांवोगांवच्या पुरुषांनीं तें केलें. १९९२ मध्यें सरकारनेंही पतीच्या हयातींत पत्नीचें नांव सहहिस्सेदार म्हणून सात-बाऱ्यावर लावण्याविषयीं परिपत्रक काढलें. ही चळवळ घाटावर जितकी पोंचली तितकी आपल्या किनाऱ्यावर पोंचली नाहीं, असें आमचें मत आहे.

कायदा होईल तेव्हां होवो. तोंवर करण्याजोगें पुष्कळ आहे. नवी जमीन किंवा घर घेतांना खरेदीखत दोघांच्या नांवें करावें. त्यास जादा खर्च येत नाहीं. असलेल्या वाडींतील आपला हिस्सा पत्नीस नोंदणीकृत बक्षीसपत्रानें देतां येतो. पतिपत्नी व मुलें यांच्यांतील शेतजमिनीच्या व राहत्या घराच्या बक्षीसपत्रास महाराष्ट्रानें २०१५ मध्यें मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये केलें. स्थानिक अधिभार व आजचा दर दुय्यम निबंधकाकडे विचारून घ्यावा. अविभक्त कुटुंबाची वाडी असेल तर आधीं सर्व सहदायादांची संमति घ्यावी, नाहीं तर बक्षीसपत्र टिकणार नाहीं. जुन्या लग्नांची नोंद करून घ्यावी. सात-बाऱ्यावर 'एकत्र कुटुंब कर्ता' म्हणून एकाच भावाचें किंवा बापाचें नांव पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें असेल तर सर्व वारसांचीं नांवें, त्यांत विधवांचीं व मुलींचींही, चढवून घ्यावीं.

मृत्युपत्राविषयीं ख्रिस्ती वाचकांस एक सूचना देणें अवश्य आहे. १९२५ च्या कायद्याच्या एकोणसत्तराव्या कलमाप्रमाणें मृत्युपत्र करणाराचें लग्न झालें कीं तें मृत्युपत्र आपोआप रद्द होतें. पत्नी वारल्यावर मुलांच्या हितासाठीं मृत्युपत्र करून ठेवणारा विधुर पुढें दुसरें लग्न करतो, आणि पेटींतील कागद अजून चालू आहे अशा समजुतींत राहतो. तो कागद निरुपयोगी झालेला असतो, व सारी वाडी कलमाप्रमाणें वांटली जाते. हिंदूंच्या मृत्युपत्रास हा नियम नाहीं. लग्नानंतर नवें मृत्युपत्र करावें, दोन साक्षीदार घ्यावे, आणि ज्यास कांहीं द्यावयाचें त्यास किंवा त्याच्या पतीस वा पत्नीस साक्षीदार करूं नये. केल्यास त्याचें दान बुडतें.

राहिला आपल्या संस्थेचा भाग. कर्जासाठीं वाडी तारण देणाऱ्या सभासदाच्या अर्जावर पतीच्या किंवा पत्नीच्या लेखी संमतीचा एक रकाना असावा, आणि विवाहित सभासदाचा अर्ज त्या सहीवांचून कमिटीपुढें ठेवूं नये, असा ठराव येत्या वार्षिक सभेंत मांडण्याचा आमचा विचार आहे. त्यास विधानसभेची परवानगी लागत नाहीं. पोटनियमांत एक कलम वाढवून त्याची निबंधकाकडे नोंदणी करून घेतली म्हणजे झालें. ज्या सभासदांस यांत अडचण दिसत असेल त्यांनीं ती सभेपूर्वीं संस्थेच्या कचेरींत लेखी द्यावी. आणि शक्य तर त्या कागदावर घरच्या माणसाचेंही मत लिहून आणावें.